चवथीच्या रात्री 'ट्वायलाइट' हा व्हॅम्पायरांचा, म्हणजे रक्त पिणाऱ्या पिशाचांचा, प्रेमपट लावायचा आहे. कुठे हसायचं, कुठे थांबवायचं, आणि नंतर काय लावायचं?

फोंड्याची मावशी

चवथीला आम्ही सगळे फोंड्याजवळच्या मूळ घरी जमतो. दुसऱ्या रात्री घुमट (मातीच्या घटावर कातडं ताणलेलं आमचं वाद्य) वाजवत म्हटलेल्या आरत्या आटपल्या की मोठी माणसं गप्पांना बसतात आणि मुलांना काहीतरी पाहायला हवं असतं. यंदा 13 ते 17 वयाची सातजणं आहेत, पाच मुली आणि दोन मुलगे. थोरल्या भाचीने 'ट्वायलाइट' मागितलाय, 2008चा, पहिला. तिने पुस्तकं वाचली आहेत आणि तिला ती गोष्ट मनापासून आवडते. भावांनी तिला आतापासूनच चिडवायला घेतलंय.

गेल्या आठवड्यात मी तो पुन्हा पाहिला आणि एकटीच मोठ्याने हसले. नायक 1918च्या स्पॅनिश फ्लूत मरायला टेकलेला असताना व्हॅम्पायर झाला आणि त्याचं वय तिथेच 17वर थांबलं. म्हणजे शंभरी ओलांडलेला माणूस पोरांच्या बाकावर बसून जीवशास्त्र शिकतोय. त्याच्या घरी तर शाळा संपताना घालतात त्या चौकोनी टोप्या चौकटीत लावून ठेवल्यात, पुष्कळ आहेत. या लोकांना झोप लागत नाही, मरण नाही, पैसा भरपूर, आणि एवढ्या वेळात करतात काय, तर पुन्हा पुन्हा शाळेत जातात! एकालाही तियात्रात, म्हणजे आमच्या कोकणी नाटकात, काम करावं, होडी बांधावी, पेटी शिकावी असं वाटलं नाही? (नायक पियानो वाजवतो, तेवढं मान्य.)

पहिल्या भेटीचा प्रसंग आठवतोय का? वर्गातल्या पंख्याचा वारा तिच्याकडून त्याच्याकडे जातो आणि तो नाकातोंडावर हात धरतो. तिच्या रक्ताचा वास त्याला अनावर होतो, असं दाखवायचं आहे. दिसतं मात्र वेगळंच. आमच्याकडचे दोघे मुलगे तिथे "बांगडो कुसला" (बांगडा सडलाय) म्हणून ओरडणार, हे मी आजच लिहून देते.

चित्रपटाला हसावं, खूप हसावं, पण भाचीला आपलं हसं होतंय असं वाटू नये. हे कसं जमवावं? शिवाय नंतर लावण्यासारखं काही सुचवा. 13 वर्षांची मुलगी आहे, हे लक्षात असू द्या.

मडगावकर

मावशी, उन्हाच्या प्रसंगापाशी नक्की थांबवा. नायक झाडांमधून वर जातो, शर्टाची बटणं काढून उन्हात उभा राहतो आणि आपण किती भयंकर आहोत हे तिला दाखवतो. दिसतं काय, तर अंगभर चमकी लावलेला मुलगा. ज्या गुपितासाठी घरच्यांनी सगळा जन्म ढगांखाली काढला, ते हे!

पण मुलगे जर म्हणाले की खरा व्हॅम्पायर उन्हात जळतो, तर त्यांना अडवा. ब्रॅम स्टोकरच्या 1897च्या कादंबरीत ड्रॅक्युला दिवसाउजेडी फिरतो, फक्त त्याची शक्ती कमी असते. ऊन लागलं की मरण, हा नियम 1922च्या 'नोस्फेराटू' या जर्मन मूकपटापासून रूढ झाला. म्हणजे नियम मोडला ही चूक नव्हे. भीती वाटायला हवी तिथे भीती वाटत नाही, ही चूक.

गोष्ट घडते त्या अमेरिकेतल्या फोर्क्स गावाचं गणितही मुलांना सांगा. तिथे वर्षाला साधारण 300 सेंटीमीटर पाऊस पडतो, म्हणजे आपल्या गोव्याइतकाच. फरक एवढाच की आपला बहुतेक सगळा जून ते सप्टेंबरात कोसळतो आणि त्यांचा वर्षभर वाटला जातो. हे कुटुंब गोव्यात आलं असतं तर चार महिने शाळा आणि आठ महिने दारं लावून घरात.

कॉलेजातली

ताई, मी 14 वर्षांची असताना मला हा चित्रपट इतका आवडला होता की मी तो एका महिन्यात पाच वेळा पाहिला. तेव्हा घरातल्या मोठ्यांनी चेष्टा केली. ती चित्रपटाची नव्हती, माझी होती, आणि मला ती अजून आठवते. म्हणून लिहितेय.

सुरुवातीलाच भाचीला सांगा की आज तू आम्हाला ही गोष्ट समजावून सांगायची. पुस्तकं वाचलेली ती एकटी. डोळे कधी सोनेरी, कधी काळे का होतात, हे मुलगे तिला विचारतील. (भूक लागली की काळे, प्राण्याचं रक्त प्यालं की सोनेरी.) ज्याला गोष्ट ठाऊक आहे तोच त्या गोष्टीवर सगळ्यांत छान हसतो. कडाडणाऱ्या ढगांत बेसबॉल खेळण्याचा प्रसंग घ्या. यांचा फटका इतका दणदणीत की तो मेघगर्जनेत लपवावा लागतो, म्हणून वादळाची वाट पाहायची. कल्पना हास्यास्पद आहे आणि तरी संपूर्ण चित्रपटात तेवढी काही मिनिटं सगळी माणसं मजेत दिसतात. तो प्रसंग मला आजही आवडतो.

मुलांना नटांवर मात्र हसू देऊ नका. वाक्यं अडखळत येतात, दोघं एकमेकांकडे नुसती बघत राहतात, सगळं निळसर दिसतं, हे खरं आहे. पण त्याच क्रिस्टन स्टुअर्टला पुढे 'स्पेन्सर' या चित्रपटासाठी ऑस्करचं नामांकन मिळालं आणि रॉबर्ट पॅटिन्सन 2022मध्ये बॅटमॅन झाला. कॅथरिन हार्डविक या दिग्दर्शिकेने सुमारे 3 कोटी 70 लाख डॉलरांत केलेल्या चित्रपटाने जगभरात 40 कोटींच्या आसपास कमावले. ते पैसे बहुतेक मुलींनी तिकिटं काढून दिले, आणि मुलींना आवडलं म्हणूनच त्याची इतकी टिंगल झाली असं माझं ठाम मत आहे. मारामारीच्या चित्रपटांत याहून वेडगळ गोष्टी चालतात आणि कोणी मुलग्यांना लाजवत नाही.

एका ठिकाणी मात्र हसू नका. नायक नायिकेला न विचारता रात्री तिच्या खोलीत शिरतो आणि ती झोपलेली असताना बघत बसतो. एकदा नव्हे, बरेच दिवस. आणि तिला हे कळतं तेव्हा चित्रपट ते प्रेम म्हणून दाखवतो. 14व्या वर्षी मलाही ते गोड वाटलं होतं. तिथे चित्र थांबवा आणि मुलग्यांना आधी विचारा की हे बरोबर आहे का. मुलींनाच का दर वेळी समजावायचं?

आमोण्याहून

वरच्या ताईंचं वाचून आमच्या गावचा बेताळ आठवला. आमोण्यात त्याचं देऊळ आहे, पैंगिणीला आहे, आणि बेताळभाटी गावाचं तर नावच त्याच्यावरून. वेताळपंचविशीत तो प्रेतात राहून राजाला कोडी घालतो, पण आपल्याकडे तो गावाचा राखणदार. रात्री गावभर फिरून त्याच्या वहाणा झिजतात म्हणून भाविक त्याला नव्या वहाणा वाहतात.

मुलांना हे जरूर सांगा. रात्री हिंडणारा, माणसाहून बळकट, न मरणारा असा एक आपल्याकडेही आहे. पण तो फिरतो शिवेवरून. गाव निजलेलं असताना तो जागा असतो, आणि कोणाच्या खिडकीतून आत येत नाही. माझ्या आजीने मला लहानपणी सांगितलं होतं की वहाणांचा आवाज आला तर घाबरू नकोस, तो पुढे निघून जाईल. त्या नायकाच्या पायांचा आवाजच येत नाही, तिथेच मला तो खटकला.

ग्रंथालयात काम करते

राखणदाराचा विषय निघालाच आहे, म्हणून थोडं सांगते. चित्रपटात क्विल्यूट या अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांच्या जमातीचा उल्लेख येतो. ती जमात कल्पित नाही. फोर्क्सजवळ समुद्रकाठी ला पुश इथे ती माणसं राहतात. आपण लांडग्यांपासून झालो अशी त्यांची स्वतःची जुनी उत्पत्तिकथा आहे, व्हॅम्पायरांशी वैराचा त्यात काही संबंध नाही. पुस्तकांच्या लेखिकेने तो भाग जोडला. आपल्या बेताळाला कोणी न विचारता परक्या प्रेमकथेत नोकरीला ठेवला तर कसं वाटेल, एवढं विचारलं तरी मुलांना कळेल. माझ्या लेखी या चित्रपटाचा सगळ्यांत मोठा दोष हा आहे, चमकी नव्हे. 2012मध्ये अमेरिकेत कायदा होऊन त्या जमातीला त्सुनामीपासून सुरक्षित अशी उंचावरची जमीन मिळाली, हेही सांगा.

मडगावकर

नंतर काय लावायचं ते राहिलंच. धाकट्यांसाठी 'हॉटेल ट्रान्सिल्व्हेनिया', 2012चा अ‍ॅनिमेशनपट. त्यात ड्रॅक्युला हा मुलीची अति काळजी करणारा बाप आहे. मोठी माणसंही येऊन बसतील. स्वीडनचा 'लेट द राइट वन इन' 2008चाच, अप्रतिम आहे, पण 13 वर्षांच्या मुलीला नको. भाची 18ची झाली की तिला एकटीला द्या.

फोंड्याची मावशी

सगळ्यांचे मनापासून आभार. भाचीला फोन केला. गोष्ट समजावण्याचं काम तिने लगेच घेतलं, वही काढून बसलीय. खोलीच्या प्रसंगाबद्दल तीच म्हणाली, "मावशी, ते मला आता आवडत नाही, पण बाकीचं आवडतं." मला एवढंच ऐकायचं होतं.

मडगावकर, तो 1922चा मूकपट मुलं बघतील का? आवाज नाही म्हटल्यावर पळतील अशी भीती वाटते.

मडगावकर

आवाज तुमच्या घरात आहे! मूकपट पूर्वी थिएटरात वाजवणारे बसवूनच दाखवत. आरत्या संपल्यावर घुमट, शामेळ (काठ्यांनी वाजवायचं तालवाद्य) आणि कांसाळं (झांजा) उचलून ठेवूच नका. दीड तासाचा चित्रपट आहे, मुलग्यांना वाजवायला बसवा. पडद्यावर मजकूर येतो तो भाचीने मराठीत मोठ्याने वाचायचा. जिन्यावर व्हॅम्पायरची लांब नखांची सावली चढते तिथे वाजवणं एकदम बंद करायला सांगा आणि धाकटीला जवळ घेऊन बसा.

आमोण्याहून

घुमट वाजवणार असाल तर एक सांगतो. चवथीच्या पावसात रात्री कातडं सैल पडतं आणि आवाज बसतो. 'ट्वायलाइट' चालू असतानाच कोणीतरी चुलीकडे जाऊन घुमटं निखाऱ्यांवर लांबून शेकून आणा.