नव्या पॉप अल्बमची वाट: आपापले किस्से टाका

मोंढानाका
काल रात्री भाचीचा फोन आला. लातूरला आहे, बारावी अन् मेडिकलच्या नीट परीक्षेची तयारी. होस्टेलवर साधा किपॅड फोन. मोठा फोन फक्त रविवारी, तोबी रेक्टरबाईंच्या समोर बसून वापरायचा. पोरगी रडकुंडीला आलेली. मला वाटलं मार्क कमी पडले. तर म्हणे, "मामा, वीस मार्चला शुक्रवार आहे."

मी म्हणलं, मग?

बीटीएस ह्या कोरियन बँडचा अल्बम आहे म्हणे. कोरियात दुपारचा एक, आपल्याकडं सकाळचे साडेनऊ. २०२२ पासून ते सातजण तिकडच्या सक्तीच्या नियमानं एकेक करून फौजेत गेले, शेवटचा जून २०२५ मध्ये सुटला, अन् आता कुठं सगळे मिळून नवीन काढायलेत. हिनं नववीपासून वाट बघितली, अन् आला तर असा शुक्रवारी! "रविवारपर्यंत सगळ्या जगाचं ऐकून झालेलं असंल मामा, अन् मी इथं बायोचे एमसीक्यू सोडवत बसंल."

हसू आलं, पण मग झोप येईना. मला १९९८ आठवलं. लकी अलीची 'सुनो' १९९६ ला आली होती. पिरॅमिडसमोरचं ते गाणं केबलवर लागलं की आमच्या गल्लीतली पोरं ज्याच्या घरी केबल त्याच्या ओट्यावर. मेहमूदचा पोरगा आहे हे कळल्यावर वडिलांनीबी एकदा बघितलं अन् "बापासारखं हसत नाही" म्हणून उठून गेले. दुसरी कॅसेट 'सिफर' येणार हे कळलं तेव्हापासून मी परभणीत स्टेशन रोडच्या दुकानात रोज सायकल लावायलो. दुकानदार रोज सांगायचा, "माल नांदेडला उतरलाय, परवा येतंय." आली तेव्हा त्यानं कॅसेट चेक करायची म्हणून दुकानातल्या डेकवर लावली. ए साईड पूर्ण संपेपर्यंत मी काउंटरला टेकून उभा. मधी एक बाई लग्नाच्या गाण्यांची कॅसेट मागायला आल्या, त्याबी थांबल्या.

तर लिहा. कोणाची वाट बघितली, कशी बघितली. कॅसेट, सीडी, मेमरी कार्ड, मोबाईल, काहीबी चालंल.

बिंदुसरा
सेल उन्हात ठेवणारे कोण कोण आहेत इथं? हात वर करा.
आमच्या टेपला सहा मोठे सेल लागायचे. बीडला लोडशेडिंग म्हणजे लाईट जायची नाही, कधीतरी यायची. सेल उतरले की गायक म्हातारा व्हायचा, आवाज लांबत लांबत जायचा. मग सेल काढून पत्र्यावर. दुपारभर तापवले की दोन गाणी निघायची. नवीन कॅसेट आणली की भावाभावात भांडण, आधी कुठली साईड. कारण दोन्ही साईड वाजतील इतका जीव सेलमधी नसायचाच.

टीडीके नव्वद
कंपनीची कॅसेट परवडायची कोणाला ओ. आम्ही कोरी आणायचो अन् दुकानात यादी द्यायचो, भरून मिळायची. यादी देताना पोट्टे काय विचार करायचे! नव्वदची कॅसेट, एका बाजूला पंचेचाळीस मिनिटं. शेवटचं गाणं अर्ध्यात कापलं जाऊ नये म्हणून मिनिटांची बेरीज वहीच्या मागच्या पानावर. गणितात एवढं डोकं लावलं असतं तर आज मीपण लातूरला क्लास काढला असता.

आता माझं दुखणं ऐका. कॅसेटच्या वरच्या कडेला दोन बारक्या प्लास्टिकच्या चकत्या असतात. त्या मोडल्या की त्याच्यावर पुन्हा रेकॉर्ड होत नाही. मी मोडलेल्या होत्या, पक्क्या. पण आमच्या आत्याला कोणीतरी सांगितलं की भोकावर कागद चिकटवला की होतंय. तिनं पंचांगाचा तुकडा खळ लावून चिकटवला अन् गावात सप्ता होता तिथला हरिपाठ भरून आणला. अख्खी बी साईड. फक्त शेवटी जिथं हरिपाठ संपतो तिथून पुढं माझ्या अलिशा चिनॉयचे दीड-दोन मिनिटं शिल्लक. आत्या रोज पहाटे लावायची. हरिपाठ झाला की अलिशा. आज्जी म्हणायची, हीबी बाई गोड म्हणती, पण टाळ कामून नाहीत?

मोसंबी
😂😂 टाळ कामून नाहीत

येळवस
@मोंढानाका तुमची भाची अन् माझी पोरगी एकाच माळेच्या. येळवसला (वेळा अमावस्येला) शेतात गेलो होतो. आंबील, भज्जी, सगळा थाट. जेवणं झाली अन् पोरीनं स्पीकरवर कोरियन गाणी लावली. फोनवर व्हिडिओ बघून आमची माय म्हणती, "ही कोणाची लेकरं? उन्हात जात नाहीत वाटतं." मग पोरगी एकेकाचं नाव सांगायली अन् माय प्रत्येकाला "ह्याचं लगीन झालं का" विचारायली. सातही जणांचं विचारलं. एकासाठी गावातली मुलगी सुचवली.

जांभळं पाखरू
नांदेडहून. आर्मी (म्हणजे बीटीएसची फॅन) आहे, २०१९ पासून.
काका एक दुरुस्ती, सगळे फौजेत नव्हते. शुगाच्या खांद्याचं ऑपरेशन झालेलं, त्यानं फौजेऐवजी समाजसेवेची ड्युटी केली, तोच सगळ्यात शेवटी सुटला, २१ जून २०२५. जिन पहिला गेला होता डिसेंबर २०२२ ला आणि पहिला परत आला.
आणि ताईला म्हणजे तुमच्या भाचीला सांगा, मी पण गेल्या वर्षी रिपीटर होते. तिला काय वाटत असेल ते मला विचारा. घरचे म्हणतात गाणीच तर आहेत. मला अॅनाटॉमीपेक्षा जास्त त्यांनी जागं ठेवलंय रात्री.
अल्बमचं नाव 'अरिरांग' आहे. त्यांच्याकडचं शेकडो वर्षं जुनं लोकगीत आहे त्या नावाचं.

मोंढानाका
@जांभळं पाखरू बेटा, दुरुस्ती शिरसावंद्य. आता भाचीसमोर तरी बोलता येईल.

नागसेनवन
आमच्याकडं वाट पाहायचा महिना ठरलेला. मार्च लागला की एप्रिलच्या कॅसेटी. १४ एप्रिलच्या आधी शिंदे घराण्याची नवीन कॅसेट येणार हे गृहीतच. प्रल्हाद शिंदे, मग आनंद, मिलिंद. औरंगाबादला १४ जानेवारीला विद्यापीठ गेटवर गेलात का कधी? १९९४ ला नामविस्तार झाला, तेव्हापासून त्या दिवशी गेटवर जत्रा असते. पुस्तकांचे स्टॉल, निळे झेंडे आणि पूर्वी कॅसेटचे स्टॉल. प्रत्येक स्टॉलचा कर्णा वेगळ्या गाण्यावर. दहा पावलं चाललात की गाणं बदललं. वडील एक कॅसेट घ्यायचे, वर्षाची एकच, आणि ती निवडायला दोन तास. स्टॉलवाले वैतागायचे. वडील म्हणायचे, शब्द ऐकू दे, चाल नंतर.

आता कडूबाई खरातांचं गाणं एकतारीवर मोबाईलवर येतं आणि तासाभरात गावभर होतं. बाई इथलीच, कुठल्या कंपनीनं उभी केलेली नाही. कोणी म्हणेल धाग्यात पॉप म्हटलंय. घरोघरी, लग्नात, रिक्षात, वरातीत जे वाजतं ते नाही तर मग काय?

योगेश्वरी
बरोबर बोललात. आनंद शिंदेंच्या पोपटाइतकं पॉप महाराष्ट्रात दुसरं काही झालं नाही 😄

मी अंबाजोगाईला मेडिकलला होते तेव्हा 'गारवा'. मिलिंद इंगळे, शब्द सौमित्रचे. होस्टेलमध्ये एकीकडंच कॅसेट होती आणि ती फिरून फिरून घासली. मृग कोरडा, आर्द्रा कोरडी, नळाला आठवड्यातून एकदा पाणी, आणि आम्ही बादल्या भरायच्या रांगेत उभं राहून पावसाची गाणी म्हणतोय. रूममेट कोकणातली होती. ती म्हणायची, तुम्हाला हे ऐकून राग कसा येत नाही?
(ओपीडी सुरू झाली, नंतर येते)

कडबाकुट्टी
कॅसेटवाले म्हातारे झाले आता. आमचा जमाना मेमरी कार्डचा.
गंगाखेडला मोबाईलच्या दुकानात कार्ड द्यायचं, दहा रुपयांत भरून. "काय टाकू?" "नवीन टाक." एवढंच. त्याच्या कॉम्प्युटरवर 'न्यू अल्बम' नावाचं फोल्डर होतं, त्यात १९९५ चा दलेर मेहंदीबी न्यू अन् २०१२ चं हनी सिंगबी न्यू. गायकाच्या नावाच्या जागी कुठल्यातरी वेबसाईटचं नाव. मी दोन वर्षं त्या वेबसाईटला गायक समजत होतो. लई गायचा बिचारा, बाईच्या आवाजातबी.
रात्री मोटार चालू करायला रानात जायचो, थ्री फेज रात्रीच असायची. खिशात फोन, स्पीकर फुल्ल. गाण्यासाठी नाही, साप-किरडू बाजूला व्हावं म्हणून. मोटार चालू झाली की मग बांधावर बसून खरं ऐकणं.

येळवस
सापाला कान नसतात लेका

कडबाकुट्टी
मग आतापर्यंत वाचलो कसा?

हिंगोलीची बँकवाली
पटकन लिहिते, लंच संपतोय.
मी टेलर स्विफ्टवाली. हसू नका, हिंगोलीतपण असतात. तिचेपण अल्बम अमेरिकेत मध्यरात्री येतात, म्हणजे उन्हाळ्यात आपल्याकडं साडेनऊ, थंडीत साडेदहा. २०२४ च्या एप्रिलमध्ये आला तेव्हा मी एका कानात इअरफोन, वर पदर, आणि काउंटर उघडायच्या आत तीन गाणी. मग पहिले आजोबा पासबुक घेऊन हजर. त्यांचं पेन्शन तपासता तपासता चौथं गाणं सुरू झालं आणि डोळे भरून आले. आजोबा म्हणाले, "बाई, एवढं काय, नसंल जमा झाली तर उद्या येतो."
आणि दोन तासांनी तिनं अजून पंधरा गाणी काढली!! दुपारी अडीच वाजेपर्यंत ऐकायलाच मिळाली नाहीत. लाईन होती, कर्जमाफीच्या चौकशीची.

मोसंबी
"नसंल जमा झाली तर उद्या येतो" 😭 असे आजोबा आमच्या शाखेत पाठवा

खुलताबादी
वीस मार्च म्हणजे पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी ना? आणि आमची ईद पण तिथंच आलीय, चाँदवर अवलंबून. माझ्या दोन्ही पोरी त्याच बीटीएसच्या. शुक्रवारी साडेनऊला घरात शिरखुर्म्याचा मेवा कापायचा असतो. आत्तापासून सांगितलंय, एक जण ऐकेल, एक जण बदाम सोलेल, मग उलट. दोघी म्हणतात पहिली मी. हे भांडण रमजान सुरू झाल्यापासून चालू आहे, इफ्तारला पण तेच.
मी स्वतः? कोल्डप्लेच्या तिकिटासाठी सप्टेंबर २०२४ ला रांगेत होतो, ऑनलाईन. माझ्यापुढं लाखांत लोक. बायको म्हणाली, ही रांग बघितली की आपलं रेशन दुकान बरं.

टीडीके नव्वद
@मोंढानाका मूळ प्रश्नाचं काय पण? पोरीला शुक्रवारी कसं ऐकवणार? किपॅड फोनला कार्डाची जागा असती बऱ्याच कंपन्यांच्या. गाणी कार्डावर टाका अन् पोचवा.

कडबाकुट्टी
कार्ड भरून द्यायला मी आहे. दहा रुपये.

जांभळं पाखरू
पायरेटेड नको प्लीज 🙏 पहिल्या आठवड्याचे विक्रीचे आणि स्ट्रीमचे आकडे महत्त्वाचे असतात. काका, तुम्ही पैसे भरून विकत घ्या, मग त्याच फाईल कार्डावर टाका. आणि तिच्या नावानं स्ट्रीमपण करा, रिपीटवर, म्यूट न करता.

मोंढानाका
@जांभळं पाखरू म्यूट न करता म्हणजे मी मोंढ्यात तूर उतरवताना दिवसभर वाजवायचं?

जांभळं पाखरू
हो 💜

बिंदुसरा
पोचवायचं कसं हा प्रश्न आहे. माझा पोरगा लातूरलाच होता. डब्याची तपासणी होती तिथं. लाडू फोडून बघायचे.

येळवस
धपाट्याच्या चवडीत. मधल्या दोन धपाट्यांत कागदात गुंडाळून. वरून लोणचं सांडल्यासारखं दाखवायचं, कोणी हात लावत नाही.

टीडीके नव्वद
तुम्ही हे आधी केलेलं दिसतंय.

येळवस
मी काही बोललो नाही.

योगेश्वरी
ओपीडी संपली. डॉक्टर म्हणून सांगते, रात्री अकरानंतर अर्धा तास गाणी ऐकून कोणी नापास होत नाही. आम्ही 'गारवा' ऐकून पास झालो. पण कार्ड लोणच्यात नका बुडवू.

हिंगोलीची बँकवाली
त्यापेक्षा सरळ रेक्टरबाईंना फोन करा ना. एखादी असते समजूतदार. शुक्रवारी दहा मिनिटं फोन द्या म्हणा, वाढदिवस आहे म्हणा.

मोंढानाका
वाढदिवस जुलैत आहे, अन् तो ह्यांच्याकडं फॉर्मवर लिहून दिलाय. धपाट्याचंच बघावं लागंल. फक्त माझ्या ताईला कळू देऊ नका, ती

भाचीची आई
ती इथंच आहे. सगळं वाचायलेय. पहिल्यापासून.

कडबाकुट्टी
पळा.

भाचीची आई
दादा, तू गपगार तुझी तूर बघ. शनिवारी मीच चाललेय लातूरला. मोठा फोन माझ्याकडंबी असतो, गेटवर भेटायची वेळ चार ते पाच. काय ऐकायचं ते माझ्यासमोर ऐकंल. धपाट्यात काही घालायचं नाही.

खुलताबादी
शनिवार म्हणजे एकच दिवस उशीर. ताई जिंदाबाद.

मोसंबी
ताई, धपाट्याचं पीठ सांगा ना. माझे दुसऱ्या दिवशी वातड होतात.

भाचीची आई
ज्वारी दोन वाट्या, गहू अर्धी, बेसन मूठभर. तीळ, ओवा, लसूण-मिरची वाटून. प्रवासाला न्यायचे तर दही घालू नका, नुसत्या कोमट पाण्यात भिजवा अन् थापताना ओल्या फडक्यावर थापा. तेल सोडून खरपूस भाजा, चार दिवस हलत नाहीत.

बिंदुसरा
आम्ही काकडी किसून घालतो.

येळवस
काकडी घातली तर चार दिवस? दुसऱ्याच दिवशी आंबतात ओ.