मदत हवी आहे : जीपीओचा घुमट कागदावर कसा दाखवायचा?

नमस्कार मंडळी,

भाची आर्किटेक्चरच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सबमिशनसाठी तिने मुंबईचं जीपीओ (जनरल पोस्ट ऑफिस) घेतलंय आणि मामा या नात्याने मी सोबत. (सोबत म्हणजे शीटची नळी आणि पाण्याची बाटली धरून उभं राहणं.)

पहिल्या पानावर तिने लिहिलं : वास्तुविशारद जॉन बेग, काम १९०४ साली सुरू, १९१३ साली पूर्ण, शैली इंडो-सारसेनिक (भारतीय-इस्लामी आणि युरोपीय वळणांची सरमिसळ), विजापूरच्या गोलघुमटाचा प्रभाव. सरांनी समासात एवढंच लिहिलं, "प्रभाव कुठे आहे ते काढून दाखव." तिथेच गाडी अडलीय.

मी २० वर्षं सीएसएमटीला उतरून याच इमारतीवरून ऑफिसला गेलो. मनीऑर्डरी केल्या, रजिस्टर्ड पाकिटं टाकली, बोटाला लागलेला डिंक रुमालाला पुसला, पण मान वर केली नाही. शनिवारी पहिल्यांदा केली. घुमटाचा व्यास ६५ फूट. बाहेर काळा बेसाल्ट आणि त्यात कुर्ल्याचा पिवळसर, ध्रांगध्र्याचा पांढरा दगड. रंगांचं तिला जमतंय. जमत नाहीये ते एवढंच, की खाली चौकोन आणि वर गोल, तर मधला सांधा काढायचा कसा? मी शाळेच्या सहलीला विजापूरला गेलो होतो, पण तिथलं लक्षात आहे ते फक्त आमचं बोंबलणं आणि त्याचे प्रतिध्वनी.

गोलघुमट नीट पाहिलेलं कुणी आहे का इथे? पुढच्या सोमवारी शीट द्यायचीय.

प्रतिसाद १
माझं माहेर विजापूरचं, म्हणून लिहिते. गोलघुमटात आठ कमानी एकमेकींना छेदत जातात, जणू दोन चौकोन एकावर एक तिरके ठेवलेत. त्यामुळे कोपरे आतल्या बाजूला झुकतात आणि घुमट भिंतीपासून आत सरकून बसतो. मधे उरते ती सज्जाची जागा, तुम्ही बोंबललात ती. घुमट भिंतींना बाहेर ढकलू पाहतो, या झुकत्या कोपऱ्यांचं वजन त्यांना आत ओढतं. भाचीला आधी हा एक कोपरा काढायला सांगा, मग तो कागद हातात धरून जीपीओच्या हॉलमध्ये उभं राहू दे. काय सारखं, काय वेगळं ते तिथे आपोआप दिसेल.

आणि दोन्ही प्लॅन एकाच स्केलला शेजारी शेजारी काढा. तिकडचा घुमट बाहेरून ४४ मीटर, म्हणजे १४४ फूट. ६५ फुटांचा त्याच्याशेजारी ठेवला की सरांना वेगळं सांगावं लागणार नाही.

धागाकर्ता
ताई, आभार! ती पट्टी घेऊन बसलीसुद्धा. सज्जाचं ऐकून मला म्हणाली, "मामा, तू ओरडायच्या ऐवजी बघितलं असतंस तर?"