मदत हवी आहे: हे मॉडेल आपल्या नौदलाच्या सी हॅरियरचंच आहे का?

नमस्कार मंडळी,

मामांची पंच्याहत्तरी जवळ आलीय. ते नौदलात होते, बरीच वर्षं दाभोळीला 'हंसा' या नौदलाच्या हवाई तळावर, सी हॅरियर या लढाऊ विमानांच्या देखभालीत. डिसेंबर 1983 मध्ये पहिली तीन विमानं गोव्यात उतरली तेव्हा मामा तिथेच होते आणि घरातल्या प्रत्येक लग्नात हा किस्सा होतोच. शाल-श्रीफळाऐवजी हॅरियरचं मॉडेल द्यायचं आम्ही भावंडांनी ठरवलंय.

एकाकडे वापरलेलं डायकास्ट (धातूचं तयार मॉडेल) मिळतंय, 1/72 स्केल. वरून गडद करडं, खालून पांढरं, शेपटीवर 'व्हाइट टायगर्स' स्क्वाड्रनचा वाघ. साडेनऊ हजार सांगतोय, एक रुपया सोडत नाही. मूळ खोकाही नाही. फोटो मोठा करून पाहिला तर पंखाखालची ती दोन बारकी आधाराची चाकं पंखाच्या मध्यावर दिसतात. मामांच्या अल्बममध्ये मात्र ती पार टोकाशी आहेत. विक्रेता म्हणतो, "सगळी हॅरियर सारखीच असतात हो." हे वाक्य त्याने मामांसमोर बोलून दाखवावं!

घ्यावं का? नाहीतर दुसरं काय बघू?

सुटेभाग: अजिबात घेऊ नका. चाकं मध्यावर म्हणजे ते एव्ही-8बी, अमेरिकन मरीनवालं हॅरियर. आपल्या नौदलात ते कधीच नव्हतं, कुणीतरी वरून रंग चढवलाय. खात्री करायची तर पंखांना पट्टी लावून फोटो मागवा. सी हॅरियरचे पंख टोकापासून टोकापर्यंत 7.7 मीटर, म्हणजे 1/72 मध्ये 10.7 सेंमी. एव्ही-8बीचे 9.25 मीटर, म्हणजे 12.8 सेंमी. दोन सेंमी कुठे लपवणार?

बोगमाळो_बीच: +1. आपलं एफआरएस 51 (भारतीय सी हॅरियर) बाहेरून जवळपास ब्रिटिश एफआरएस 1 सारखंच, त्यामुळे एफआरएस 1 चं किट घेऊन भारतीय डीकल (खुणांचे स्टिकर) लावा, स्वस्तात पडेल. एफए 2 या नंतरच्या ब्रिटिश सी हॅरियरचं किट मात्र गळ्यात मारून घेऊ नका, त्याचं नाक फुगीर असतं. अजून एक: किटमध्ये साइडवाइंडर क्षेपणास्त्रं येतील, आपल्याकडे फ्रेंच मॅजिक होती. देखभालीतला माणूस आधी तिथेच बोट ठेवणार. आणि नॉझल (इंजिनाचा झोत बाहेर सोडणारी तोंडं) चिकटवताना चारही एकाच दिशेला हवीत. खऱ्या विमानात ती एकाच लिव्हरवर एकत्र फिरतात, पुढची दोन खाली आणि मागची दोन मागे असं कधी होत नाही. शंका आली तर गोव्यात बोगमाळोच्या नौदल विमान संग्रहालयात खरं विमान उभं आहे, हवे तेवढे फोटो काढा.

धागाकर्ता: पट्टीचा फोटो आला. पावणेतेराच्या वर! नमस्कार करून टाकला त्याला. किट मागवतोय, जोडायला मावसभाऊ आहे, त्याचा हात चांगला आहे. आता शेवटचं विचारतो: लाकडी स्टँडला विमानवाहू जहाजाच्या रॅम्पसारखा चढ द्यायचाय. किती अंश?

सुटेभाग: मामांना कुठलं जहाज जवळचं ते आधी मामींकडून काढून घ्या. विराट असेल तर 12, जुनी विक्रांत असेल तर पावणेदहा.