लेन्स बदलणार नसाल, तर मिररलेस कशाला?

शहापूरवाला
आपल्या बेळगावात वैशाखातली शिवजयंती जवळ आली की ओळखीतली पोरं विचारायला येतात, "कॅमेरा घ्यायचाय, कुठला घेऊ?" विचारण्यापुरतं विचारतात, मनात लेन्स बदलता येणारा मिररलेस ठरलेला असतो. दुकानात तोच पुढं करतात, यूट्यूबवर तोच दिसतो. खिशात मावणारा, एकच लेन्स कायमची बसवलेला कॉम्पॅक्ट म्हटलं की तोंडं वाकडी. माझं मत उलटं आहे आणि ते इथं वाद घालायलाच मांडतोय.

मिररलेसचा सगळा मोठेपणा लेन्स बदलता येण्यात आहे. आणि आपल्याकडे बहुतेकांच्या कॅमेऱ्यावर पेटीतून आलेली लेन्स वर्षानुवर्षं तशीच चिकटलेली असते. अशा माणसाला कॉम्पॅक्ट नुसता सोयीचा पडतो असं नाही, रात्रीच्या उजेडात तो फोटोही सरस देतो. हिशेब करून दाखवतो.

एकाच घरातले दोन घेऊ, म्हणजे ब्रँडवरून भांडण नको. कॅननचा पॉवरशॉट जी ७ एक्स मार्क थ्री, २०१९ चा: वजन ३०४ ग्रॅम, सेन्सर (उजेड टिपणारी चकती) १३.२ × ८.८ मिमी, लेन्स जुन्या फिल्म कॅमेऱ्याच्या हिशेबानं २४ ते १०० मिमीच्या तोडीची (आकडा लहान तितकं दृश्य रुंद), अ‍ॅपर्चर एफ १.८ ते २.८ (लेन्समधलं उजेड येण्याचं भोक, आकडा लहान तितकं मोठं). समोर कॅननचाच ईओएस आर ५०, २०२३ चा: वजन ३७५ ग्रॅम, त्यावर १८-४५ ची लेन्स आणखी १३० ग्रॅम. सेन्सर २२.३ × १४.९ मिमी, म्हणजे क्षेत्रफळ जवळजवळ तिप्पट. लोक इथंच थांबतात. पण त्या १८-४५ चं अ‍ॅपर्चर एफ ४.५ पासून सुरू होऊन ६.३ वर संपतं. एफ १.८ मधून सेन्सरच्या दर चौरस मिलिमीटरला ४.५ पेक्षा सव्वासहा पट उजेड येतो. त्याला तीननं भागा. तिप्पट सेन्सर धरूनही छोट्या कॅमेऱ्याला एकूण उजेड दुप्पट मिळतो.

आता चित्ररथांच्या मिरवणुकीत चला. रात्रीचे अकरा, ट्रॉलीवर अफझलखानाचा वध उभा केलाय, पोरं हलतायत म्हणून शटर १/१२५ च्या खाली नेता येत नाही. कॉम्पॅक्टवर आयएसओ (उजेडाची संवेदनशीलता, वाढवली की फोटो खरखरीत होतो) ३२०० वर भागत असेल, तर तिथंच पेटीतल्या लेन्सवर २०००० लागेल. कुठला फोटो स्वच्छ येणार ते तुम्हीच बघा.

आणखी एक. मोठा कॅमेरा गळ्यात दिसला की लोक बदलतात. लेझीम खेळणारी पोरगी एकदम ताठ उभी राहते. बाजूचा माणूस विचारतो, "याव पेपर री?" (कुठल्या पेपरचे हो?) खिशातून काढलेल्या कॅमेऱ्याकडं कुणी वळूनही बघत नाही.

लग्नसराई
शहापूरवाले, आकडे बरोबर आहेत, पण हिशेब तुम्ही सोयीचा केलाय. पेटीतली लेन्स वाईट म्हणून कॅमेराच वाईट? आर ५० वर ५० मिमी एफ १.८ लावा. १६० ग्रॅमची लेन्स, कॅननच्या सगळ्यात स्वस्त लेन्सांपैकी एक. या सेन्सरवर ती ८० मिमीच्या तोडीची होते. तुमचा कॉम्पॅक्ट ८० मिमीवर एफ २.८ ला पोचलेला असतो. करा आता तोच गुणाकार-भागाकार: मिररलेसला जवळजवळ सातपट उजेड. ताशेवाल्याच्या कपाळावरचा घाम दिसेल.

मी खानापूर-नंदगड भागात लग्नं करतो, यात्राही करतो. नवरी उंबऱ्यातलं माप ओलांडते तो क्षण दुसऱ्यांदा येत नाही. तिथं मला उजेडाच्या आधी फोकस लागतो. आर ५० सेन्सरवरूनच अंतर ओळखतो, डोळा धरला की सोडत नाही. जी ७ एक्स मार्क थ्री कॉन्ट्रास्ट बघत पुढंमागं चाचपडतो, अंधारात जास्तच. आणि त्याला व्ह्यूफाइंडर नाही. दुपारच्या उन्हात वरात निघाली की पडद्यावर स्वतःचं तोंड दिसतं.

बॅटरीचं तर बोलूच नका. एका चार्जला अधिकृत आकडा २३५ फोटो. हळदीतच संपतील.

आता खरी गोष्ट. आपल्या गावांच्या लक्ष्मी यात्रेत भंडारा किती उधळतात ते माहीत आहे ना? रथ निघाला की माणूस ओळखू येत नाही. कॉम्पॅक्टची लेन्स आतबाहेर सरकते, प्रत्येक वेळी हवा आत ओढते आणि हवेबरोबर तो भंडारा. माझ्या मेव्हण्याचा कॉम्पॅक्ट असाच यात्रेत लेन्स अर्धी बाहेर काढून बसला तो बसलाच. तिथं ब्लोअर मारून काही होत नाही, सगळा खोलावा लागतो. मिररलेसला फार तर लेन्स खराब होईल. ती काढायची, दुसरी लावायची, काम चालू.

शहापूरवाला
भंडाऱ्याचं मान्य, पूर्ण मान्य. यात्रेत कॉम्पॅक्ट नेताना मी रथ येईपर्यंत बाहेरच काढत नाही आणि लेन्स एकदा बाहेर आली की मधे बंद करत नाही. पण तुम्ही त्या धुरळ्यात लेन्स बदलणार आणि उघडा सेन्सर भंडाऱ्याला दाखवणार, हे काय शहाणपण?

आणि ८० मिमी घेऊन मिरवणुकीत मागं कुठं सरकणार? मागं ढोलपथक, पुढं ट्रॅक्टर. तिथं २४-२८ मिमीचंच काम असतं. सातपट उजेडात नाकच तेवढं येईल.

तुम्ही व्यावसायिक आहात. हा धागा लग्नं करणाऱ्यांसाठी नाही हो.

कंग्राळीचा ताशा
मी त्यातलाच एक पोरगा, ज्याला कॅमेरा घ्यायचाय 😀 आमचं पथक हाय. मला फोटोपेक्षा व्हिडिओ पायजे, रील टाकायला. दोघंबी भांडालाय, पण व्हिडिओचं कोण बोलंना गा.

लग्नसराई
विचारलंस ते बरं केलंस. त्या कॉम्पॅक्टमध्ये फोर-के एका दमात दहा मिनिटांच्या आत थांबतं, आर ५० तासभर चालतो. रीलसाठी दहा मिनिटं रग्गड, पण अख्खं सादरीकरण घ्यायचं असेल तर अडशील.

माइक दोन्हीला लावता येतो, तो लाव. नुसता लावून भागत नाही, आवाजाची पातळी ऑटोवरून काढून हातानं खाली आण. ताशा आतल्या माइकवर ऑटोमध्ये घेतलास तर पत्र्यावर गारा पडल्यासारखा येतो. शटर १/५० किंवा १/१०० ठेव. आपली वीज ५० हर्ट्झची, स्वस्त एलईडी सेकंदाला शंभरदा लुकलुकतात; दुसऱ्या वेगावर पडद्यावर पट्टे सरकताना दिसतात. फोटोलासुद्धा एलईडीखाली सायलेंट शटर वापरू नकोस.

निपाणीकर
२०१० साली जगात दहा कोटींच्या वर कॉम्पॅक्ट कॅमेरे कारखान्यांतून बाहेर पडले होते, २०२३ साली वीस लाखसुद्धा नाहीत. लोक मूर्ख आहेत का? फोन आला आणि विषय मिटला. काही फोनांत तर शहापूरवाल्यांच्या कॉम्पॅक्टएवढा सेन्सर बसवलाय. तुम्ही दोघं मेलेल्या म्हशीच्या दुधावरून भांडताय.

शहापूरवाला
निपाणीकर, फोनला मी नावं ठेवत नाही, दिवसाउजेडी तोच वापरतो. पण फोनमधला तो मोठा सेन्सर एकाच भिंगामागं असतो. झूम केलं की एकतर कापलेला तुकडा मिळतो, नाहीतर दुसरा बारका सेन्सर. कॉम्पॅक्टमध्ये २४ पासून १०० पर्यंत तोच सेन्सर, तेच भिंग. आणि मिरवणुकीत रात्रभर फोननं फोटो काढून पहाटे घरी फोन करायला बॅटरी राहते का सांगा.

जांबोटी पाऊस
सगळं बेळगाव शहरातलं चाललंय. जरा इकडं घाटाकडं या. कणकुंबीला, जिथं मलप्रभा उगम पावते, जूनपासून चार महिने कपडे वाळत नाहीत. इथं कॅमेऱ्याचा पहिला शत्रू बुरशी. आणि दोघांनी मांडलेल्या दोन्ही कॅमेऱ्यांना पावसापासून संरक्षण नाही, हे एकानंही सांगितलं नाही.

बुरशी लेन्सच्या आतल्या काचेवर धरते, कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसतात. कॉम्पॅक्टच्या लेन्समध्ये धरली की कॅमेरा गेलाच म्हणायचा. मिररलेसची एक लेन्स जाते, बाकीचं वाचतं. पण ज्याच्याकडे चार लेन्स त्याला चारांची काळजी, हेही खरं. मी पितळी डबे, कपाट, सगळं करून बघितलं आणि शेवटी हवाबंद प्लॅस्टिकचा डबा, सिलिका जेल आणि आत आर्द्रता दाखवणारं छोटं मीटर यावर आलोय. काटा ४० ते ५० टक्क्यांत ठेवायचा. कातड्याच्या किंवा कापडी पिशवीत कॅमेरा ठेवून कपाटात ढकलू नका, पिशवीच ओल धरते.

रोप लावणीचे फोटो काढायचे असतील तर हे दोन्ही घरी ठेवा आणि ऑलिंपसच्या, आता ओएम सिस्टिम नावानं येणाऱ्या टफ मालिकेतला एखादा घ्या. टीजी-७ पंधरा मीटर पाण्याखाली चालतो. सेन्सर नखाएवढा, रात्री निकामी. पण चिखलात पडला तर उचलायचा, पाटाच्या पाण्यात धुवायचा, पुढचा फोटो.

माझा स्वतःचा छंद पाखरांचा. भीमगड अभयारण्याच्या बाजूला धनेश दिसला तर तो काही खाली येऊन बसत नाही. २०० मिमीपर्यंत जाणारा सोनीचा आरएक्स १०० मार्क सेव्हन घेतला तरी झाडाचाच फोटो येतो. मी आर ५० वर १००-४०० लावतो, ६४० मिमीच्या तोडीची होते, लेन्सचं वजन ६३५ ग्रॅम. टोकाला एफ ८, म्हणजे पावसाळी रानात काळोखच. उघडीप मिळाली तरच काम होतं. तरीही पाखरांसाठी खिशातला कॅमेरा हा विषयच नाही.

हलशीची वाट
मी जुनी देवळं आणि शिलालेख टिपते, माझं थोडं वेगळं. हलशीचं भूवराह नरसिंह मंदिर असो की बेळगावच्या किल्ल्यातली कमल बस्ती हे जैन मंदिर, माझा विषय जागचा हलत नाही. त्यामुळं शहापूरवाल्यांचं १/१२५ मला लागत नाही. खांबाला टेकून, श्वास रोखून १/८ वर फोटो घेते, स्थिरीकरण साथ देतं, आयएसओ खालीच राहतो. पुरातत्त्व खात्याच्या वास्तूत ट्रायपॉडला परवानगी लागते, म्हणून हे शिकावंच लागलं. शिलालेखाला समोरून फ्लॅश मारू नका, अक्षरं सपाट होतात. बाजूनं, दगडाला जवळजवळ घासून टॉर्चचा उजेड टाका, झिजलेली ओळसुद्धा उठून येते. याला कुठलाही कॅमेरा चालतो.

पण २४ मिमी मला पुरत नाही. मंडपात पाठ भिंतीला टेकली तरी छताचं अख्खं कमळ चौकटीत बसत नाही. आर ५० ला १०-१८ ची लेन्स मिळते, १५० ग्रॅमची, १६ मिमीच्या तोडीपासून सुरू होते. कुठल्याही खिशातल्या कॅमेऱ्यात मला इतकं रुंद मिळालेलं नाही. त्या एका लेन्ससाठी मी मिररलेसकडं गेले आणि ५० मिमीचा मोह अजून झालेला नाही.

शहापूरवाला
ताई, तुमचं उदाहरण माझ्याच बाजूचं आहे. कुठली लेन्स लागते हे तुम्हाला आधी कळलं, मग बॉडी (लेन्सविना कॅमेरा) आली. जांबोटीवाल्यांचंही तसंच. माझं भांडण "आधी बॉडी घेऊ, लेन्सचं नंतर बघू" म्हणणाऱ्याशी आहे. नंतर म्हणता म्हणता मुलांच्या शाळेची फी येते.

लग्नसराई
इथंच तुमचं-माझं जमत नाही. वीस वर्षांच्या पोराला काय लागणार हे त्याला आज कसं कळेल? उद्या तो पाखरांत रमेल, परवा लग्नं करायला लागेल. कॉम्पॅक्ट घेतला की तो दरवाजा बंद. सगळा कॅमेरा विकून नवा घ्यायचा. मिररलेसवाल्यानं पैसे जमतील तशी एक लेन्स जोडायची.

कंग्राळीचा ताशा
दादा, माझ्याकडं आत्ता एकाच गोष्टीचे पैसे हायत. दोन्ही बाजूंनी पटालंय, म्हणून जास्तच घोटाळा झाला. पथकातल्या एकाचा मामा कोल्हापूरला जुना आर ५० काढालाय, ५० मिमीसकट. पेटीतली लेन्स नाही. घेऊ का?

शहापूरवाला
व्हिडिओ करणार, पथकात आत उभा राहून? ८० मिमीत तुझा ताशा दिसेल, पथक दिसणार नाही. माझं मत: जुना कॉम्पॅक्ट बघ.

लग्नसराई
घे. पथकासमोरच्या गच्चीवरून काढ, आतून कशाला? रुंद लेन्स पुढच्या वर्षी.

फक्त घेताना लेन्स काढून अ‍ॅपर्चर उघडं ठेव आणि मोबाईलची टॉर्च मागून मार. धुळीचे चार कण चालतील, धागे किंवा पांढुरका डाग दिसला तर सोडून दे. आकाशाचा एक फोटो एफ १६ वर काढ, काळे ठिपके दिसले तर सेन्सर साफ करायचा खर्च किमतीतून वजा करायला सांग. व्हिडिओ दहा मिनिटं चालू ठेवून बॅटरी किती उतरते बघ. आणि मामा असला तरी मूळ बिल माग.

जांबोटी पाऊस
आणि येताना सिलिका जेल आण. पावसाळ्याला किती दिवस राहिलेत?