पाठांतर, तालीम आणि झोप

फोंड्याकडच्या जत्रेतील नाटकांचा दाखला देऊन काहीजण असे म्हणतात की, रात्र जागून घोकलेले संवादच रंगमंचावर आठवतात. मला हे पटत नाही. नवे संवाद आधी हिप्पोकॅम्पसच्या, म्हणजे नव्या आठवणी साठवणाऱ्या मेंदूतील एका भागाच्या, आधाराने टिकून राहतात, आणि गाढ झोपेत तेथील चेतापेशींच्या दिवसभरातील हालचालींचे आकृतिबंध पुन्हा उमटू लागतात, त्यामुळे ती आठवण कॉर्टेक्समध्ये, म्हणजे मेंदूच्या बाह्य स्तरात, हळूहळू स्थिरावते. जेन्किन्स आणि डॅलनबाख या मानसशास्त्रज्ञांनी १९२४ मध्ये दोन विद्यार्थ्यांकडून निरर्थक अक्षरे पाठ करून घेतली, तेव्हा त्याच विद्यार्थ्यांना आठ तास जागे राहिल्यानंतर आठवली त्यापेक्षा झोपून उठल्यावर कितीतरी अधिक अक्षरे आठवली.

नाटकाच्या प्रयोगाच्या वेळी संवाद अडणे ही मात्र वेगळी बाब आहे. विंगेतून प्रॉम्प्टरने पहिला शब्द पुरवताच अख्खे स्वगत नटाच्या ओठांवर येते. म्हणजे साठवण शाबूत असते, चुकते ते पुनःस्मरण. (आमच्या हौशी मंडळींत हा अनुभव सर्वांनाच असेल.) म्हणून संध्याकाळची तालीम आटोपल्यावर कलाकारांनी सरळ झोपावे, आणि सकाळी वही मिटून संवाद म्हणून पाहावेत, असे मी आग्रहाने सुचवतो.