लेन्स टिंट करायला हॉट प्लेट चालेल का ऑइल बाथवालं युनिटच घ्यावं?

नवा_टिंटवाला:
नमस्कार मंडळी, मी चष्म्याचं फिटिंग करतो, आता सीआर-३९ (चष्म्याचं नेहमीचं प्लास्टिक) लेन्स स्वतःच टिंट करायला, म्हणजे रंगवायला लागलोय. स्टीलच्या भांड्यात डाय (पाण्यात कालवलेला रंग) घालून साध्या हॉट प्लेटवर गरम करतो, नॉब ९५ वर असतो. ग्रे बरा येतो पण ब्राउन एकदा लालसर एकदा पिवळट, लेन्सच्या खालच्या कडेला गडद पट्टा आणि वर फिकं. डायच खराब आहे का गरम करायची पद्धत चुकतेय? युनिटवर खर्च करायच्या आधी कारण कळायला हवं.

जुना_फिटर:
नॉबवरचा आकडा प्लेटचा, डायचा नाही, सगळा घोळ तिथेच होतो. डाय ९० ते ९५ डिग्रीत स्थिर राहिला पाहिजे. सीआर-३९ त्या तापमानाला थोडं सैल होतं, डायचे कण पृष्ठभागातून आत शिरतात आणि थंड झाल्यावर आतच राहतात, म्हणजे हा वरून लावलेला रंग नाहीच. तापमान खाली गेलं की रंग आत जायला फार वेळ लागतो. आणि ब्राउन म्हणजे दोन-तीन रंगांचं मिश्रण, प्रत्येकाचा आत शिरायचा वेग वेगळा, त्यामुळे तापमान हललं की छटाही हलते. ग्रेलाही तेच लागू आहे, पण ब्राउनमध्ये डोळ्याला पटकन दिसतं. गडद पट्ट्याचं म्हणाल तर हे डाय पाण्यात पूर्ण विरघळत नाहीत, बारीक कण तरंगत असतात आणि ढवळलं नाही की तळाला बसतात, त्यात तळ प्लेटला टेकलेला. दर वेळी लेन्स सोडायच्या आधी ढवळा आणि होल्डर तळापासून चांगला वर ठेवा. प्लेट विकू नका लगेच, आधी चांगला थर्मामीटर थेट डायमध्ये धरून अर्धा तास बघा काय होतंय ते.

रंगारी:
वरच्यांशी सहमत, पण हॉट प्लेटवर रोजचं काम करू नये हे माझं ठाम मत. ऑइल बाथमध्ये भांडी गरम द्रवात बुडलेली असतात, उष्णता तळाबरोबर बाजूंनीही येते, आणि द्रव जास्त असल्यामुळे तापमान पटकन वरखाली होत नाही. साधं पाणी का नाही वापरत तर पाणी १०० ला उकळतं, मग आतला डाय ९५ पर्यंत न्यायला आणि तिथे टिकवायला दोघांच्या तापमानात पुरेसा फरकच उरत नाही, म्हणून उकळणबिंदू जास्त असलेला हीट ट्रान्सफर फ्लुइड घालतात. त्याची काळजी मात्र घ्यावी लागते, काळा आणि घट्ट झाला की बदलायचा, आणि त्यात पाण्याचे थेंब पडू द्यायचे नाहीत, तापलेला असेल तर तडतडून अंगावर उडतो आणि भाजतं. भांड्यांवर काम नसताना झाकण ठेवा, नाहीतर पाणी उडून डाय घट्ट होतो आणि कालची वेळ आज चालत नाही. भर घालायची ती डिस्टिल्ड वॉटरची, आणि घातल्यावर तापमान परत वर येऊ द्या.

काचघर:
एक राहिलं, होल्डर घट्ट आवळू नका. गरम लेन्स मऊ असते, वाकते. आणि बाहेर काढून लगेच गार पाण्याखाली धरू नका, हार्ड कोट (ओरखड्यांपासून वाचवणारा थर) असेल तर त्याला बारीक तडे जातात, कोमट पाण्यानेच धुवा.

नवा_टिंटवाला:
थर्मामीटर धरून बसलो, खरंच डोळे उघडले. प्लेट चालू-बंद होत होती तसा डाय ८० पर्यंत उतरायचा आणि परत ९३ ला जायचा, नॉब सगळा वेळ ९५ वरच. ढवळून आणि होल्डर वर घेऊन केलं तर पट्टा गेला, छटा अजून थोडी हलते. युनिट घेतोय. अजून एक विचारायचं होतं, पॉलिकार्बोनेटच्या (दुसऱ्या प्रकारच्या प्लास्टिकच्या) लेन्सलाही हेच तापमान का?

जुना_फिटर:
तापमान साधारण तेच, पण पॉलिकार्बोनेट स्वतः रंग घेतच नाही, त्यावरचा टिंटेबल कोट घेतो, म्हणून फार गडद होत नाही आणि कोट तसला नसेल तर तासभर ठेवूनही उपयोग नाही. अँटी-रिफ्लेक्शन कोट (चकाकी कमी करणारा थर) आधीच असेल तर टिंट करायला घेऊच नका, टिंट आधी आणि तो कोट नंतर. युनिट आलं की त्याच्या डायलवरही विश्वास ठेवू नका, तोच थर्मामीटर प्रत्येक भांड्यात वेगवेगळा धरून बघा.