अस्वलाचं कातडं घरी कमवावं की टॅनरीत द्यावं?

डोंगरवाट (धागाकर्ता)
आम्ही पेनसिल्व्हेनियाच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात राहतो. गेल्या नोव्हेंबरात शेजारच्या आजोबांनी परवान्यावर काळं अस्वल मारलं. इथल्या नियमाप्रमाणे ते २४ तासांत तपासणी केंद्रावर नेलं, तिथे वय कळावं म्हणून त्याचा एक दात काढून घेतला. मांस त्यांनी घरी वाटून घेतलं, कातडं मात्र गॅरेजमध्येच पडून होतं. "टॅनरीवाले पैसे भरपूर घेतात आणि कित्येक महिने लावतात, तुला हवंय का?" असं त्यांनी विचारलं. मी हो म्हटलं आणि घरीच कमावलं.

माझं मत ठाम आहे: ज्याला कातडं हवं त्याने ते स्वतः कमवावं. लाकडाच्या ओंडक्यावर कातडं पसरून दोन संध्याकाळी मी नुसती चरबी खरडत होतो. अस्वलाची चरबी पांढरी, मऊ आणि चिवट असते. सुरी फिरवावी तर कापली जाण्याऐवजी पसरतच जाते, आणि वास दोन दिवस नखांतून जात नाही. मग कातड्याच्या वजनाइतकं बिनआयोडीनचं बारीक मीठ चोळलं, दुसऱ्या दिवशी ओलं झालेलं झटकून पुन्हा नवं लावलं. पुढे आम्लाचं पाणी, खाण्याचा सोडा, तुरटी-मीठ, तेल, आणि शेवटी खुर्चीच्या पाठीच्या कडेवर घासघासून मऊ करणं. पोटाकडे तळहाताएवढ्या जागेतले केस गेले, कारण मीठ लावायला उशीर झाला होता. पण ते जनावर काय होतं हे आता माझ्या हाताला माहीत आहे. पैसे देऊन ते कळलं नसतं.

थंडगार_मिनेसोटा
दादा, मेहनतीबद्दल आदर आहे, पण नवख्या माणसाला हा सल्ला देऊ नका. शिकायचं तर सशापासून सुरुवात करावी, फार तर हरणाचं कातडं घ्यावं. अस्वल सगळ्यात शेवटी. एक तर चरबी, दुसरं म्हणजे मान आणि पंजे. कान आतून उलटे करून, ओठ चिरून, पंज्यांतली बोटं शेवटच्या पेरापर्यंत सोडवून प्रत्येक ठिकाणी मीठ पोचलं पाहिजे. नाहीतर केसांच्या मुळाशी जिवाणू आधी पोचतात, आणि एकदा सुटलेले केस परत बसत नाहीत. तुमचे पोटाचे गेले, माझे तोंडाचे गेले. ते कातडं मला फेकून द्यावं लागलं आणि त्याचं वाईट अजून वाटतं. मेलेल्या जनावराचं कातडं आपल्या हौसेपायी कुजवणं हा त्याचा मान नव्हे.

शिवाय तुरटीने कातडं पक्कं होत नाही. पाणी लागलं की तुरटी निघून जाते आणि कातडं पुन्हा कच्चं होतं. टॅनरीत कातडं एकसारखं पातळ करायचं यंत्र असतं, फिरती पिंपं असतात, चरबी काढायची खरी सोय असते. घरी राहिलेली चरबी काही वर्षांत खवट होते आणि कातडं आतून जाळते.

डोंगरवाट
मी ते भिंतीवर टांगणार आहे, धुणार थोडंच?

थंडगार_मिनेसोटा
भिंतीवरही उन्हाळ्यातली दमट हवा लागतेच. आणि खवट व्हायला चरबीला पाणी लागत नाही.

पंचगंगाकाठ
मी कोल्हापूरकडची. माझे पणजोबा कातडं कमवायचे. हिरडा आणि बाभळीची साल यांचं पाणी, चुन्याचे हौद. कातड्याची पिशवी शिवून तिच्यात तो काढा भरायचा आणि ती टांगून ठेवायची, खाली गळलेलं पाणी पुन्हा वरून ओतायचं. कोल्हापुरी चपलेला २०१९ साली जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हा सगळ्यांनी फोटो टाकले. पण ज्यांच्या हातांनी ते कातडं तयार झालं त्यांची वस्ती गावाबाहेर होती, त्यांच्या हाताचं पाणी कुणी पीत नव्हतं, हे त्या दिवशी कुणी लिहिलं नाही. म्हणून "नखांतून वास जात नाही" हे वाक्य वाचणं मला जड जातं. तुमचा वास दोन दिवसांत गेला. आमचा पिढ्यान्‌पिढ्या आमच्या नावाला चिकटवला गेला.

तरीही मी धागाकर्त्याच्या बाजूने आहे. हे काम हाताने केल्याशिवाय त्याची किंमत कळत नाही. मात्र त्याला छंद म्हणू नका, कसब म्हणा. आणि टॅनरी म्हणजे स्वच्छ, घर म्हणजे गलिच्छ, असंही समजू नका. टॅनरीत कातडं पक्कं करायला वापरतात त्या क्रोमचं सांडपाणी नदीत सुटलं की काय होतं ते नदीकाठच्यांना विचारा. हिरडा-बाभळीची आमची पद्धत केस काढलेल्या कातड्याची आहे. केस राखायचे तर काम वेगळं, त्यात मी मत देणार नाही.

ताडोबाच्या_वाटेवर
इथे भारतातूनही लोक वाचतात, म्हणून स्पष्ट लिहितो. आपलं अस्वल १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे सगळ्यात कडक संरक्षणाच्या यादीत आहे. जंगलात मेलेलं सापडलं तरी ते सरकारी मालमत्ता असतं. कातडं उचलू नका, वनखात्याला कळवा. अमेरिकेतलं काळं अस्वलसुद्धा साइट्सच्या (वन्यजीवांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावरच्या कराराच्या) दुसऱ्या परिशिष्टात आहे, तेव्हा "आठवण म्हणून" बॅगेत घालून आणायचा विचारही नको.

माझं वैयक्तिक मत विचाराल तर भिंतीवर कातडं बघणं मला सहन होत नाही. मोहफुलांच्या दिवसांत मादी पाठीवर दोन पिल्लं घेऊन जाताना मी पाहिली आहे.

डोंगरवाट
ताडोबावाले दादा, तुमचं दुःख समजतं, पण हे अस्वल मी मारलेलं नाही आणि बेकायदा तर मुळीच नाही. कातडं नाहीतर कचऱ्यात गेलं असतं. ते वाचवण्यात मला काही गैर वाटत नाही.

ताई, माझं वाक्य तुम्हाला लागलं, माफ करा. आमच्या घरीही चांभाराला अंगणातच बसवत. मी लहान होतो, पण पाहिलं आहे. तो विचार हे काम करताना माझ्या मनात यायला हवा होता, आला नाही.

मिनेसोटावाले, तुमचं वाचून आत्ता खाली जाऊन आलो. मानेच्या जाड भागावर टिश्यू पेपर दाबून धरला. रुपयाएवढा तेलाचा डाग उमटला.

थंडगार_मिनेसोटा
साबणाने धुऊ नका, तुरटी जाईल. लाकडाच्या कोरड्या भुशात थोडं मिनरल स्पिरिट (रंग पातळ करायचं द्रावण) कालवून कातड्याच्या बाजूने चोळा, झटका, पुन्हा चोळा. घराबाहेर करा, जवळपास आग नको. डाग उमटणं थांबेपर्यंत करत राहा. नाहीच थांबला तर आता तरी टॅनरीत द्या.

डोंगरवाट
भुसा आजोबांकडे आहे. शनिवारी बसतो. टॅनरीत मात्र देणार नाही.